परिवहन आयुक्त साहेब, चलन दिसतं तर रिकॉल का दिसत नाही?

मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य, यांना सप्रेम नमस्कार.

साहेब, मी साताऱ्यात राहते, घरी दहावीच्या शिकवण्या घेते. आरटीओशी माझा संबंध आयुष्यात दोनदाच आला, एकदा लायसनसाठी आणि एकदा दीड वर्षापूर्वी आम्ही सेकंडहँड गाडी घेतली तेव्हा. हे पत्र त्या गाडीवरून सुचलं असलं तरी फक्त तिच्याबद्दल नाहीये, कारण साडेतीन-चार लाखात जुनी हॅचबॅक घेणारी आमच्यासारखी घरं राज्यात गल्लोगल्ली आहेत आणि त्या सगळ्यांना एक गोष्ट माहीत असायला हवी, जी त्यांना आज कुणीच सांगत नाही: त्यांच्या गाडीवर रिकॉल, म्हणजे सदोष भाग मोफत बदलून द्यायला कंपनीने काढलेलं बोलावणं, बाकी आहे का.

आधी आमचं काय झालं ते सांगते. सासऱ्यांना महिन्यातून दोनदा तपासणीला पुण्याला न्यावं लागतं. एसटी त्यांना झेपेना, दरवेळी भाड्याची गाडी आम्हाला झेपेना, म्हणून जुनी छोटी गाडी घ्यायचं ठरलं. पेट्रोल गाडी, पहिला मालक, रनिंग एक्केचाळीस हजार, किंमत तीन लाख साठ हजार. कंपनीचं आणि डीलरचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण असा दोष एकाच कंपनीच्या गाड्यांत निघालेला नाही आणि मला भांडण कुणा एकाशी करायचं नाहीये.

आम्ही आंधळेपणाने घेतली असंही नाही हो. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून आरसी बघितली, कर्जाचा बोजा नव्हता, विमा चालू होता, पीयूसी होती, चलन एकही बाकी नव्हतं. ओळखीचे मेकॅनिक काका बरोबर आले होते, त्यांनी बॉनेट उघडून एप्रन बघितला, दरवाज्यांची रबरं ओढून पिलरवर वेल्डिंगच्या खुणा आहेत का ते बघितलं, स्टेपनी काढून खालच्या खड्ड्यात हात फिरवला, गाडी थंड असताना स्टार्ट करून सायलेन्सरला धूर बघितला. काका म्हणाले, वहिनी बिनधास्त घ्या, गाडी ठोकलेली नाही. आणि काका चुकले नव्हते, गाडी खरंच ठोकलेली नव्हती.

सहा महिने गाडी उत्तम चालली. मग श्रावणात पुण्याहून परत येताना खंबाटकी चढत होतो, संध्याकाळ, पाऊस, मागे सासरे डोळे मिटून बसलेले, आणि वळणावर गाडी एकदम गचके द्यायला लागली. ॲक्सिलरेटर दाबतोय पण गाडी ओढेना, दहा-बारा सेकंदात बंदच पडली. मागून भरलेला ट्रक. त्या ड्रायव्हरने वेळेत ब्रेक मारला म्हणून आज हे पत्र लिहितेय. त्याच माणसाने खाली उतरून आमच्या मागच्या चाकाला दगड लावले, झाडाची फांदी तोडून रस्त्यावर टाकली आणि टो गाडी येईपर्यंत थांबला. सासऱ्यांचा हात माझ्या हातात होता, तो थरथरत होता, आणि मी त्यांना काही नाही झालं, काही नाही झालं म्हणत होते पण माझाच आवाज फुटत नव्हता.

गावातल्या गॅरेजमध्ये प्लग साफ झाले, फिल्टर बदलला, गाडी सुरू झाली. दोन आठवड्यांनी परत तेच. शेवटी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. काउंटरवरच्या मुलाने आरसीवरचा चेसिस नंबर कॉम्प्युटरमध्ये टाकला आणि अगदी सहज म्हणाला, "मॅडम, या गाडीला फ्युएल पंपाचं कॅम्पेन पेंडिंग आहे." मला वाटलं काहीतरी डिस्काउंटची स्कीम असेल. तर तो म्हणाला, नाही मॅडम, रिकॉल, कंपनीने स्वतः परत बोलावलेल्या गाड्या, पंप बदलून देतो, पैसे नाहीत. साडेतीन तासात पंप बदलून गाडी हातात, बिल शून्य. मी विचारलं, मग आम्हाला कुणी कळवलं का नाही? त्याने स्क्रीन बघून सांगितलं की मेसेज गेलेत की, रेकॉर्डला जो नंबर आहे त्यावर गेलेत. तो नंबर पहिल्या मालकाचा होता. त्याने गाडी डीलरला विकली आणि तो मोकळा झाला, त्याला दोष तरी कसा देऊ?

साहेब, मला जे सांगायचंय ते सगळं या एका स्क्रीनवर आहे. कंपनीकडे एक यादी आहे, कुठल्या चेसिस नंबरची गाडी सदोष आहे याची, पण त्या गाडीचा आजचा मालक कोण हे तिला माहीत नाही. आणि तुमच्या खात्याकडे, म्हणजे गाड्यांच्या नोंदणीच्या सरकारी वाहन पोर्टलवर, दुसरी यादी आहे, कुठल्या चेसिस नंबरचा आजचा मालक कोण आणि त्याचा मोबाइल काय याची, पण गाडी सदोष आहे की नाही हे तिथे दिसत नाही. दोन्ही याद्यांत चेसिस नंबर तोच आहे. त्या एकमेकींना जोडायच्या, एवढंच मागतेय मी.

त्या दिवसानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचत बसले, आणि जे वाचलं त्याने झोप उडाली. नावं घेतेय ती कंपन्यांनी स्वतः जाहीर केलेल्या रिकॉलची, आणि हेही आधीच सांगते की रिकॉल काढणारी कंपनी वाईट असं मी अजिबात म्हणत नाही, उलट दोष लपवण्यापेक्षा जाहीर करणारी कंपनी मला जास्त विश्वासाची वाटते. तर वॅगनआरचं बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये मारुतीने १ लिटरच्या ४०,६१८ वॅगनआर परत बोलावल्या, पेट्रोलचा होज धातूच्या क्लॅम्पला घासण्याची शक्यता होती म्हणून, त्या १५ नोव्हेंबर २०१८ ते १२ ऑगस्ट २०१९ या काळात बनलेल्या. मग जुलै २०२० मध्ये फ्युएल पंपासाठी ५६,६६३ वॅगनआर आणि ७८,२२२ बलेनो. मग मार्च २०२४ मध्ये फ्युएल पंपाच्या मोटरसाठी ११,८५१ बलेनो आणि ४,१९० वॅगनआर, ३० जुलै ते १ नोव्हेंबर २०१९ मध्ये बनलेल्या. आता तारखा एकावर एक ठेवून बघा, ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या आठवड्यात बनलेली १ लिटर वॅगनआर या तिन्ही रिकॉलच्या तारखांत बसते. म्हणजे एखादा मालक प्रामाणिकपणे सांगेल की हो ताई, पंपाचं काम मी २०२० लाच करून घेतलंय, आणि तरीही त्याच गाडीवर २०२४ चं काम बाकी असू शकतं. हे बनावटीची तारीख बघून कळत नाही, चेसिस नंबर टाकल्याशिवाय कळतच नाही.

होंडाचं तर अजून वेगळं. त्यांनीही फ्युएल पंपासाठी जून २०२० मध्ये ६५,६५१ आणि एप्रिल २०२१ मध्ये ७७,९५४ गाड्या बोलावल्या, आणि नोव्हेंबर २०२४ पासून ९०,४६८. या शेवटच्या वेळी त्यांनी आणखी २,२०४ जुन्या गाड्या वेगळ्या काढल्या, ज्यांना कारखान्यात नाही तर नंतर कधीतरी दुरुस्तीत स्पेअर म्हणून तोच पंप बसवला गेला होता. हे वाचून मी थक्क झाले. गाडी जुनी, बनली तेव्हा पूर्ण निर्दोष, आणि दोष दुरुस्तीतून आत आलेला. असली गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या मालकाने कुठून ओळखायची? कंपनीने ओळखली हे चांगलंच झालं, पण ती गाडी मधल्या काळात विकली गेली असेल तर निरोप कुणाला पोचला असेल?

आणि सगळे रिकॉल पंपाचे नसतात. मारुतीच्याच बघा, जुलै २०२३ मध्ये ८७,५९९ एस-प्रेसो आणि ईको आल्या स्टिअरिंगच्या टाय रॉडसाठी, म्हणजे स्टिअरिंग चाकांना जोडणाऱ्या दांड्यासाठी. जानेवारी २०२३ मध्ये अल्टो के१०, ब्रेझा, बलेनो वगैरे मिळून १७,३६२ गाड्या एअरबॅगच्या कंट्रोलरसाठी. ऑगस्ट २०२४ मध्ये २,५५५ अल्टो के१० स्टिअरिंग गिअरबॉक्ससाठी, आणि त्या वेळी कंपनीने मालकांना स्पष्ट सांगितलं होतं की पार्ट बदलेपर्यंत गाडी चालवूच नका. चालवूच नका! आणि समजा ती गाडी तेव्हा कुठल्या तरी लॉटवर विकायला उभी असेल तर? तो मेसेज जुन्या मालकाच्या फोनमध्ये, आणि गाडी नव्या मालकाच्या बायकापोरांना घेऊन महाबळेश्वरला.

कायदा नाही असं नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आलं, १ एप्रिल २०२१ पासून रिकॉलचे नियम लागू झाले, सरकारला सक्तीने रिकॉल काढायला लावावा लागला तर कंपनीला १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड आहे, वाहन पोर्टलवर तक्रारीची सोय आहे. त्याआधी २०१२ पासून कंपन्यांच्या संघटनेची स्वेच्छेची पद्धत होती. चांगलंच आहे हे सगळं. पण हा नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरता आहे, आणि सेकंडहँड बाजारात जाऊन बघा, आमच्या बजेटमधली गाडी सहा, आठ, दहा वर्षांचीच असते. शिवाय सक्ती आहे ती कंपनीने रिकॉल काढण्याची. तो निरोप आजच्या मालकापर्यंत पोचला का, काम झालं का, हे मालकी बदलताना कुणीच विचारत नाही.

याउलट ट्रान्सफरला काय काय विचारतात बघा. फॉर्म २९, फॉर्म ३०, विमा, पीयूसी, बोजा असेल तर फॉर्म ३५, दुसऱ्या जिल्ह्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. चलन बाकी असलं की काम अडतं. आता एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, नसेल तरी अडतं. मी या कशाच्याच विरोधात नाही, नंबरप्लेट सुरक्षित हवीच. पण पाचशे रुपयांचं चलन गाडीचं ट्रान्सफर थांबवू शकतं आणि स्टिअरिंगचा उघडा रिकॉल साधा एक मेसेजसुद्धा पाठवू शकत नाही, हे मला मनापासून खटकतं.

बाहेर हे चालतं, आणि फार अवघड नाहीये. इंग्लंडमध्ये नंबरप्लेट टाकली की सरकारी साइटवर गाडीची तपासणी आणि बाकी राहिलेला रिकॉल दोन्ही दिसतं, कुणालाही, फुकट. अमेरिकेत सतरा अक्षरांचा चेसिस नंबर सरकारी साइटवर टाकायचा. आपल्याकडे होंडा, मारुती अशा कंपन्यांच्या स्वतःच्या साइटवर चेसिस नंबर टाकून बघता येतं, पण प्रत्येक कंपनीची साइट वेगळी, पान शोधायला अर्धा तास, इंग्रजीत, आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे गाडी घेणाऱ्याकडे पूर्ण चेसिस नंबर नसतोच. लोकांना जी माहिती ॲपवर दिसते त्यात तो अर्धा झाकलेला असतो. झाकायला कारण असेल, चोरीच्या गाड्यांना तो नंबर ठोकतात म्हणे, पटतं मला. पण म्हणूनच तर रिकॉलचं उत्तर नंबरप्लेटवर मिळायला हवं, म्हणजे चेसिस नंबर उघडा करायची गरजच नाही.

तोपर्यंत लोकांनी काय करायचं? हे पत्र तुम्हाला लिहितेय पण उघड लिहितेय, म्हणून गाडी घेणाऱ्यांसाठी आम्ही शिकलो ते इथेच सांगते. टोकन द्यायच्या आधी मूळ आरसी हातात घ्या, त्यावरचा चेसिस नंबर गाडीवर ठोकलेल्या नंबरशी एकेक अक्षर जुळवा, तो कुठे बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर असतो, कुठे सीटजवळच्या कार्पेटच्या झडपेखाली. मग विकणाऱ्यालाच बरोबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा आणि दोनच प्रश्न विचारा, कॅम्पेन काही पेंडिंग आहे का आणि सर्व्हिस हिस्ट्रीचा प्रिंट मिळेल का. कॅम्पेन हाच शब्द वापरा, काउंटरवर तोच चालतो. हिस्ट्रीत प्रत्येक सर्व्हिसचे किलोमीटर असतात, मीटर मागे फिरवला असेल तर तिथेच पकडला जातो, एका वर्षी ६२ हजार आणि पुढच्या वर्षी ४० असं दिसलं की उठून यायचं. विकणारा सर्व्हिस सेंटरला यायला टाळाटाळ करत असेल तर मी तरी ती गाडी घेणार नाही.

एअरबॅगचं एक, कारण हे फारच कमी लोक बघतात. चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका, आणि मीटरमध्ये एअरबॅगचा लाल दिवा बघा. तो लागला पाहिजे आणि काही सेकंदात विझला पाहिजे. लागूनच राहिला तर दोष आहे. पण मुळात लागलाच नाही तर जास्त भीती, कारण एअरबॅग उडून गेलेली असू शकते आणि कुणीतरी दिवाच काढून ठेवलेला असू शकतो. आणि २०१९ च्या आधीच्या बेसिक मॉडेलला एअरबॅग असेलच असं धरू नका, ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्या गाड्यांना सक्तीची झाली ती जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या सीटची त्याच्याही नंतर. आमच्या शेजाऱ्यांनी स्टिअरिंगवरचं जाड कव्हर बघून एअरबॅग आहे असं समजून गाडी घेतली, ती नव्हतीच.

पुराची गाडीही ओळखायला शिका, २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, त्यातल्या गाड्या काही सगळ्याच भंगारात गेल्या नाहीत. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढायचा. गाडी कितीही धुतली, सीटं बदलली, अत्तर मारलं तरी बेल्टच्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. तीच गोष्ट सीटच्या रुळांची, खाली बोट घालून बघा, गंज आणि बारीक माती लागली की समजा.

आता परत तुमच्याकडे येते साहेब. वाहन पोर्टल दिल्लीचं आहे, मला माहितीये, तुम्ही एकट्याने ते बदलू शकत नाही. पण मालकी बदलते ती तुमच्या कार्यालयांत. केंद्राकडे लेखी मागणी करायचा अधिकार तुम्हाला आहे, आणि महाराष्ट्राएवढ्या गाड्या असलेल्या राज्याने मागणी केली तर तिला वजन येणारच. मागणी एवढीच की कंपन्यांनी रिकॉलचे चेसिस नंबर पोर्टलला द्यायचे आणि एमपरिवहनवर विमा, पीयूसीच्या खाली अजून एक ओळ यावी, रिकॉल बाकी आहे किंवा नाही. आणि ट्रान्सफर मंजूर होताना नव्या मालकाला मराठीत एक मेसेज जावा की तुमच्या गाडीचं अमुक काम कंपनीकडून मोफत बाकी आहे. ट्रान्सफर अडवा असं मी म्हणत नाही, गरिबाची गाडी अजून महिनाभर अडकून पडेल आणि एजंटाला एक नवं कारण मिळेल, ते नको. फक्त कळवा.

आणि डीलरबद्दल तर तुम्हाला दिल्लीची वाट बघायचीही गरज नसावी असं मला वाटतं. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं, मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली की फॉर्म २९-क मध्ये कळवावं लागतं, गाडीचं रजिस्टर ठेवावं लागतं. त्या काळात गाडी डीलरच्या जबाबदारीत असते. म्हणजे चेसिस नंबर पूर्ण दिसणारी मूळ आरसी त्याच्या ड्रॉवरमध्ये पडलेली असते, कंपनीच्या साइटवर तो टाकायला त्याला पाच मिनिटं लागतात. अधिकारपत्र देताना आणि नूतनीकरण करताना तुमच्या अधिकाऱ्यांनी एवढं सांगावं की काचेवर किंमत, मॉडेल, रनिंग लिहिता तिथेच रिकॉल तपासला ती तारीख आणि उत्तर लिहा. आमच्या डीलरने काचेवर मोठ्या अक्षरात नॉन ॲक्सिडेंटल असं लिहिलं होतं. त्याच्या खाली ही एक ओळ असती तर आम्ही गाडी घेतलीच असती, फक्त आधी पंप बदलून घेतला असता आणि मग घाट चढलो असतो.

अजून एक छोटं. ट्रान्सफर झालं की नव्या मालकाचा मोबाइल नंबर त्याची परवानगी घेऊन कंपनीला जावा, फक्त रिकॉलसाठी, जाहिरातींसाठी नाही. फॉर्म ३० वर एक चौकोन द्या टिक करायला. मी तरी आनंदाने टिक करेन.

माझ्या गाडीच्या आरसीची झेरॉक्स, पंप बदलल्याचं जॉब कार्ड आणि वर लिहिलेल्या मागण्यांचा सहीचा अर्ज असं सगळं मी तुमच्या मुंबईच्या कार्यालयाला स्पीडपोस्टने पाठवतेय. जॉब कार्डवर कॅम्पेन जाहीर झाल्याची तारीख आणि काम झाल्याची तारीख दोन्ही लाल पेनने गोल केल्यात, मधल्या काळात गाडीचा मालक कधी बदलला तेही बाजूला लिहिलंय. कृपया ते एक पान तरी स्वतः बघा.

आपली विश्वासू,
सातारची एक गाडीवाली